गाठ, घराणं आणि जनुकं : सोलापुरात कॅन्सर संशोधनाला लागणाऱ्या नव्या मंडळींसाठी

दरवर्षी नवी बॅच आली की एखादा रेसिडेंट किंवा नुकतीच पीएचडीला नाव घातलेली मुलगी माझ्या मायक्रोस्कोपजवळ येऊन घुटमळते. "मॅडम, कॅन्सर जेनेटिक्समध्ये काम करायचंय. पण आपल्याकडे सिक्वेन्सर नाही. मुंबईलाच जावं लागेल का?" मी उलटा प्रश्न टाकते, "२०१९ सालचे आतड्याच्या कॅन्सरचे ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेले गाठीचे तुकडे, काढून दाखव बरं." पुढचे तीन दिवस ते पोर जुन्या कपाटांत डोकं घालून बसतं. चौथ्या दिवशी आमचं खरं बोलणं सुरू होतं.

सिक्वेन्सर म्हणजे डीएनए वाचणारं यंत्र, आणि यंत्र भाड्याने मिळतं. रक्ताची नळी रात्रीच्या कुरिअरने पुण्या-मुंबईला जाते आणि काही आठवड्यांत रिपोर्ट मेलवर येऊन पडतो. भाड्याने मिळत नाही ती नीट विचारलेली वंशावळ, वेळेत फॉर्मलिनमध्ये पडलेली गाठ आणि रिपोर्ट आल्यावर पुन्हा ओपीडीत येणारा रुग्ण. या तिन्ही गोष्टी आपल्या हातात आहेत, आणि बहुतेक काम तिथेच फसतं. पुढच्या पायऱ्या क्रमाने घ्या. मधली गाळून उडी मारली की परत मागे यावं लागतं. मी स्वतः दोनदा आले आहे.

प्रश्न रिपोर्टच्या टोकाकडून मांडा

नव्या माणसाचा पहिला प्रश्न हमखास असा असतो: "सोलापूरच्या तोंडाच्या कॅन्सरमध्ये कुठल्या जनुकांत बदल असतात?" याचं बरंचसं उत्तर देऊन झालंय. गाल आणि हिरडीच्या कॅन्सरचा जनुकीय नकाशा भारतीय संशोधकांनी २०१३ मध्येच प्रसिद्ध केला. त्यात टीपी५३सारख्या जुन्या ओळखीच्या जनुकाबरोबर एमएलएल४ आणि एआरआयडी२ ही नावंही आली. ही दोन्ही जनुकं डीएनए गुंडाळून ठेवणाऱ्या यंत्रणेतली आहेत. म्हणजे तंबाखू धरणाऱ्याच्या गालात डीएनएची अक्षरं बदलतात, शिवाय कुठलं पान उघडायचं आणि कुठलं मिटलेलं ठेवायचं हे ठरवणारी व्यवस्थाही बिघडते. एपिजेनेटिक्स म्हणतात ते हेच. आता तुम्ही आणखी तीस नमुने वाचून यात काय भर घालणार?

त्यापेक्षा कोऱ्या कागदावर एक वाक्य लिहा: "हा रिपोर्ट असा आला तर डॉक्टर अमुक करतील, तसा आला तर तमुक करतील." अमुक आणि तमुक एकच निघाले, तर तो प्रयोग तुमच्या बायोडेटासाठी आहे, रुग्णासाठी नाही. तसं असायलाही हरकत नाही, फक्त स्वतःला फसवू नका.

वाक्य भरलेलं कसं दिसतं ते पाहा. अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये बीआरसीए जनुकात दोष सापडला, तर ओलापॅरिबसारखं औषध वापरता येतं (पहिली मान्यता डिसेंबर २०१४) आणि घरातल्या बहिणी-मुलींना सावध करता येतं. मेंदूतल्या ग्लायोब्लास्टोमा गाठीत एमजीएमटी जनुकाच्या दारावर मिथाइलचं कुलूप (जनुक बंद ठेवणारी छोटी रासायनिक टोपी) असेल, तर टेमोझोलोमाइड हे औषध जास्त चालतं, हे २००५ मध्ये दिसलं. दोन्ही उपचार झेपणार नाहीत अशा थकलेल्या वयस्कर रुग्णाला नुसतं औषध द्यायचं की नुसतं रेडिएशन, हे आज त्या कुलपावरून ठरवता येतं. पहिलं उदाहरण जेनेटिक्सचं, दुसरं एपिजेनेटिक्सचं. दोन्हीकडे उपचाराचा कागद बदलतो.

चाचणी बरोबर मोजते का, मोजलेलं आजाराशी जुळतं का, आणि ते कळून रुग्णाचं काही भलं होतं का, अशा तीन चाळण्या आहेत. बायोमार्करवरचे, म्हणजे शरीरातल्या आजाराच्या खुणांवरचे, बहुतेक शोधनिबंध दुसऱ्या चाळणीवर थांबतात. तिसरीपर्यंत जायला हॉस्पिटल लागतं, आणि तुम्ही तर हॉस्पिटलातच बसलेले आहात.

एकदा बार्शीला जाऊन या

जागतिक दर्जाचं काम मोठ्या शहरातच होतं असं वाटत असेल, तर सकाळची एसटी पकडा. बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल १९८२ पासून उभं आहे. तिथली लोकसंख्येवर आधारित कॅन्सर नोंदणी १९८७ मध्ये सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतली गावं त्यात येतात. ग्रामीण भागातली ही देशातली पहिली कॅन्सर नोंदणी. गावात कोणाला कॅन्सर झाला, तो कितव्या वयात झाला, पुढे त्या माणसाचं काय झालं, हे घरोघर जाऊन लिहिणारी माणसं तिथे तयार झाली.

त्याच जोरावर शेजारच्या उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा अभ्यास उभा राहिला. २००९ मध्ये निकाल आला: एचपीव्ही विषाणूच्या डीएनएची तपासणी एकदाच केली, तरी त्या गटातले या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. विषाणूचा का होईना, पण तो डीएनएच होता. प्रयोगशाळेतली चाचणी गावात नेली आणि जीव वाचले. तुलनेसाठी ठेवलेल्या गटातल्या स्त्रियांना तपासणी मिळाली नाही, यावरून पुढे मोठा वादही झाला. तोही वाचा. नैतिकतेची परवानगी म्हणजे नुसता शिक्का नव्हे, हे त्या वादातून जेवढं कळतं तेवढं व्याख्यानातून कळत नाही.

वंशावळ: इथे घाई करायची नाही

"फॅमिली हिस्ट्री: निल" असं लिहिलेले केसपेपर मी किती पाहिले असतील याला हिशोब नाही. या निलचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच, की कोणी विचारलंच नाही.

विचारायला मराठी फार सोयीची भाषा आहे. आत्या, मावशी, काकू, मामी: चार नाती, चार शब्द. पहिल्या दोघी रक्ताच्या, दुसऱ्या दोघी लग्न करून आलेल्या. इंग्रजी फॉर्ममध्ये या चौघी एकाच शब्दात कोंबल्या जातात आणि वंशावळ बिघडते. म्हणून आधी मराठीत लिहा, वंशावळीच्या आकृतीतली चौकोन-वर्तुळं नंतर काढा. फक्त "सख्खी का?" एवढं विचारायला विसरू नका. आपण शेजारणीलाही मावशी म्हणतो आणि चुलत भावाला नुसतं भाऊ.

लग्न झालेली बाई "आमच्यात कोणाला नाही" म्हणते, तेव्हा "आमच्यात" म्हणजे बहुधा सासर. तिचे जीन्स माहेरचे आहेत, म्हणून माहेरचं वेगळं विचारा. तेही सासूबाई शेजारी बसलेल्या नसताना. वडिलांची बाजू तर हटकून विचारा. "स्तनाचा कॅन्सर आईकडून येतो" ही समजूत डॉक्टरांमध्येही आहे. बीआरसीएचा दोष वडिलांकडून तितक्याच शक्यतेने येतो. वडील स्वतः ठणठणीत असतात, पण आत्या चाळिशीत गेलेली असते.

"पिशवी काढली" हे उत्तर आलं की पेन खाली ठेवू नका. का काढली? कितव्या वर्षी? अंडाशयं ठेवली की तीही काढली? आपल्या भागात तरुणपणीच पिशवी काढलेल्या बायका खूप. अंडाशयंही गेली असतील, तर त्या घराण्यात अंडाशयाचा कॅन्सर दिसणारच नाही, आणि तुम्ही धोका कमी धराल. "पोटात पाणी झालं आणि गेली" हेही नीट टिपा. ते यकृताचं असू शकतं, अंडाशयाचंही असू शकतं. जुने कागद पिशवीत, पेटीत, कधी देवघरामागे असतात. पुढच्या वेळी घेऊन यायला सांगा.

वय कळत नसेल तर प्रसंग वापरा. "७२ च्या दुष्काळात आजी होती का?" "किल्लारीच्या भूकंपाच्या वेळी मावशीचं लग्न झालं होतं का?" १९९३ चा तो भूकंप आमच्याकडे सगळ्यांना आठवतो, आणि त्यावरून पाच वर्षांच्या आतबाहेर अंदाज बसतो. वय एवढं महत्त्वाचं का? कारण सत्तरीतला आतड्याचा कॅन्सर आणि चाळिशीतला, या जनुकांच्या दृष्टीने दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

नात्यातलं लग्न विचारताना कमीपणा येईल असा सूर लावू नका. मामाची मुलगी करणं मराठी घरांत नवं नाही. सोलापूर शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरांत आणि अक्कलकोटकडच्या कन्नड घरांत मामा-भाचीचं लग्नही सापडतं. आई-वडील दोघांकडून दोषाची एकेक प्रत आली तरच होणारे आजार अशा घरांत जास्त दिसतात. फँकोनी ॲनिमिया त्यातलाच, आणि त्यात कॅन्सरचा धोका मोठा असतो. पूर्व भागात जाणार असाल तर तेलुगू येणारी सिस्टर किंवा आशाताई बरोबर घ्या. दहा वर्षांच्या नातवाला दुभाषा करून आजीला पिशवीचं विचारू नका.

तंबाखूचंही तसंच. "स्मोकिंग: नाही" लिहून मोकळं होऊ नका. ती बाई सकाळी मिश्री लावते आणि दिवसभर मांडीवर सूप घेऊन विड्या वळते. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, त्यामुळे "गुटखा खाता का?" ला उत्तर "छे छे!" असंच येतं. "पुडी कुठली? मावा किती वेळा?" असं विचारलं की माणूस बोलायला लागतो. हे सगळं पुढे मिथिलेशनच्या, म्हणजे त्या मिथाइलच्या कुलपांच्या, आकड्यांशी ताडून पाहायचंय, म्हणून आत्ताच लिहून ठेवा.

परवानग्या

थोडक्यात सांगते. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वं एकदा पूर्ण वाचा. संस्थेच्या एथिक्स कमिटीच्या मंजुरीआधी संशोधनासाठी एक थेंबही रक्त घ्यायचं नाही. परदेशी भागीदार किंवा परदेशी निधी असेल तर आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची वेगळी वाट आहे, आणि ती लांब आहे. औषधाचा किंवा उपचाराचा प्रयोग असेल तर पहिला रुग्ण घेण्याआधी सीटीआरआय या अशा प्रयोगांच्या राष्ट्रीय नोंदवहीत नोंद करा.

संमतीपत्र मराठीत हवं, शिवाय तेलुगू, कन्नड आणि उर्दूतही हवं. अंगठा असेल तिथे संशोधनाशी संबंध नसलेला साक्षीदार लागतो, आणि तुमच्या खोलीतला इंटर्न हा असा साक्षीदार नव्हे. एक प्रश्न मात्र सुरुवातीलाच छापून घ्या: "तपासणीत घरच्यांच्या तब्येतीशी संबंधित काही निघालं, तर तुम्हाला कळवायचं का? तुम्ही नसाल तेव्हा कोणाला कळवायचं?" आमच्या पहिल्या अभ्यासात हा रकाना नव्हता. एका काकांचा रिपोर्ट ते गेल्यावर आला. त्यांच्या मुलांना तो सांगायचा की नाही, यावर आम्ही दोन महिने कमिटीसमोर बसलो.

गाठ, ब्लॉक आणि मे महिना

ही पायरी माझ्या आवडीची, म्हणून लांबेल.

आपली कडक भाकरी नीट वाळली असेल तर आठवडेच्या आठवडे टिकते. अर्धवट वाळली तर चार दिवसांत बुरशी. पॅराफिन ब्लॉकचंही तसंच आहे. नीट झालेल्या ब्लॉकमधून दहा वर्षांनीही डीएनए मिळतो, बिघडलेल्यातून दुसऱ्या दिवशीही मिळत नाही.

बिघाड ऑपरेशन थिएटरमध्ये सुरू होतो. गाठ शरीराबाहेर पडली की रक्तपुरवठा थांबतो आणि पेशी स्वतःला खायला लागतात. तासाभराच्या आत ती फॉर्मलिनमध्ये गेली पाहिजे. फॉर्मलिन म्हणजे दहा टक्के न्यूट्रल बफर्ड, आणि गाठीच्या किमान दहापट. ते मिलीमीटर-मिलीमीटरने, तासाला साधारण एक या चालीने आत मुरतं. त्यामुळे अख्खा स्तन बरणीत बुडवला तर बाहेरून पक्का आणि आतून नासलेला असा नमुना हाती येतो. चिरा देऊनच टाका. स्तनाच्या नमुन्याला सहा ते बहात्तर तास हे माप ठरलेलं आहे. इतर गाठींनाही तेच धरलं तर चालतं.

माझी स्वतःची चूक सांगते. एकदा दिवाळीच्या सुट्टीत मी काही नमुने फॉर्मलिनमध्येच ठेवून गावी गेले. परत आले तेव्हा नववा दिवस होता. स्लाइड सुंदर दिसल्या, पण एकाही नमुन्याचा पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवण्याची पायरी) चालला नाही. फॉर्मलिन डीएनएचे तुकडे करतं. शिवाय अक्षरांतल्या 'सी'ला धक्का देतं आणि तो 'टी' म्हणून वाचला जातो. जुन्या ब्लॉकमध्ये सी-चा-टी झालेले बदल ढिगाने दिसले, तर नवं म्युटेशन सापडलं म्हणून पेढे वाटू नका. असे बिघडलेले 'सी' काढून टाकणारं यूडीजी नावाचं एन्झाइम वापरून आणि दुसऱ्यांदा वाचून खात्री करा.

म्हणून पहिलं काम हे करा: थिएटरच्या सिस्टरना विनंती करून बरणीवर दोन वेळा लिहायची पद्धत पाडा, गाठ काढल्याची वेळ आणि फॉर्मलिनमध्ये टाकल्याची वेळ. मार्करपेन तुम्हीच नेऊन द्या, तिथला कायम हरवलेला असतो. सहा महिन्यांच्या या नोंदी म्हणजेच एक छोटा अभ्यास आहे. त्याला निधी लागत नाही.

ब्लॉक बाहेर पाठवण्याआधी पॅथॉलॉजिस्टकडून स्लाइडवर पेनने गाठीची हद्द आखून घ्या. तुकड्यात कॅन्सरच्या पेशी किती टक्के आहेत ते लिहून घ्या. वीस टक्क्यांच्या खाली असतील तर बदल असूनही चाचणीच्या नजरेतून सुटू शकतो, आणि "निगेटिव्ह" असा खोटा दिलासा मिळेल. हाडाचा नमुना असेल तर ॲसिडने मऊ करण्याआधीच डीएनएसाठी वेगळा तुकडा काढून ठेवा, कारण ॲसिड डीएनएचं पाणी करतं.

रक्ताचे नियम सोपे. जांभळ्या टोपणाची ईडीटीए नळी घ्या. हिरवी नको, तिच्यातलं हेपॅरिन पीसीआरला आडवं येतं. जन्मजात दोषासाठीचं रक्त फ्रिजमध्ये काही दिवस राहतं. रक्तात फिरणारा गाठीचा डीएनए पाहायचा असेल तर मात्र काही तासांत सेंट्रीफ्यूजमध्ये दोनदा फिरवून प्लाझ्मा वेगळा करा. उशीर झाला की पांढऱ्या पेशी फुटतात आणि त्यांच्या डीएनएच्या पुरात गाठीचा थेंबभर डीएनए बुडून जातो. यासाठी खास स्थिर ठेवणाऱ्या नळ्या मिळतात, त्यावर "३७ अंशांपर्यंत" असं लिहिलेलं असतं. ते सोलापूरच्या मे महिन्यात वाचा! सावलीत ४२-४३ असताना ती नळी दुचाकीच्या डिकीत ठेवलीत तर खास नळीचे पैसे गेले. एप्रिल-मेमध्ये जेल पॅक घालून, संध्याकाळी आणि शनिवार टाळून पाठवा.

ब्लड कॅन्सरच्या रुग्णाचं रक्त म्हणजे गाठच. जन्मजात दोष त्यात शोधायचा नाही, त्वचेच्या पेशी वाढवून घ्यायच्या. दुसऱ्याचा बोनमॅरो मिळालेल्या माणसाच्या रक्तात तर दात्याचा डीएनए असतो.

मिथिलेशनचं पहिलं काम कुठलं घ्यावं

मी हटकून आतड्याचा कॅन्सर सुचवते, कारण जेनेटिक्स आणि एपिजेनेटिक्स एकाच टेबलावर येतात ती ही जागा.

समजा, मंगळवेढ्याहून ४४ वर्षांचे शेतकरी आले. उजव्या बाजूच्या मोठ्या आतड्यात गाठ. तिच्यावर चार प्रथिनांची इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री (प्रथिनं रंगवून पाहण्याची चाचणी) करा: एमएलएच१, पीएमएस२, एमएसएच२, एमएसएच६. ही डीएनएची शुद्धलेखन तपासणारी मंडळी. एमएलएच१ आणि पीएमएस२ दोन्ही गायब दिसले. आता दोन वाटा. एकतर एमएलएच१ जनुकाच्या दारावर मिथाइलचं कुलूप पडलंय, म्हणजे जनुक धड आहे पण बंद आहे. हे बहुतेक उतारवयात, त्या गाठीपुरतं घडतं. नाहीतर जनुकच जन्मापासून तुटलेलं आहे. हा लिंच सिंड्रोम, आणि प्रत्येक सख्ख्या भावंडाला त्याची शक्यता निम्मी.

फरक कसा ओळखायचा? गाठीत बीआरएएफ व्ही६००ई हा बदल आणि एमएलएच१चं मिथिलेशन पाहा. दोन्ही नसतील तर रक्तावर जनुक तपासणी. वय फार कमी असेल तर मिथिलेशन सापडलं तरी थांबू नका. क्वचित ते जन्मजातही असतं. लिंच ठरला आणि दोष एमएलएच१चा असला, तर भावंडांचं रक्त त्याच दोषासाठी तपासायचं, आणि ज्याच्यात तो निघेल त्याची कोलोनोस्कोपी विशी-पंचविशीपासून दर एक-दोन वर्षांनी करायची. कुलूप निघालं, आणि ते गाठीपुरतंच असलं, तर भावाला लिंचच्या या फेऱ्यात अडकवायचं नाही. एका मिथिलेशन चाचणीवर अख्ख्या घराण्याची धावपळ ठरते. सुरुवातीचं वाक्य यापेक्षा चांगलं भरता येणार नाही.

मिथिलेशन मोजण्याची जुनी रीत बायसल्फाइटची. मिथाइलची टोपी नसलेल्या 'सी'चा शेवटी 'टी' वाचला जातो, टोपीवाला 'सी' तसाच राहतो. फॉर्मलिनही 'सी'चा 'टी' करतं, हे वर आलंच. म्हणजे वाईट ब्लॉकमध्ये चूक आणि खरा सिग्नल एकाच दिशेने धावतात. हा एकच मुद्दा कळला तरी ब्लॉकबद्दल मी एवढी का भांडते ते समजेल.

रक्तातल्या मिथिलेशनवरून कॅन्सर ओळखण्याचं काम मोहक आहे, पण नव्या माणसाने सावध राहावं. मिथिलेशन वयाप्रमाणे बदलतं, रक्तातल्या पेशींच्या प्रमाणाप्रमाणे बदलतं. धूम्रपानाने एएचआरआर जनुकाजवळची एक खूण इतकी खाली जाते की रक्तावरून विडी ओढणारा ओळखता येतो. तुमचे रुग्ण साठीचे विडी ओढणारे आणि तुलनेचे लोक पंचविशीचे वैद्यकीय विद्यार्थी असतील, तर तुम्ही कॅन्सर शोधला नाहीत. वय आणि विडी शोधलीत.

रिपोर्ट वाचणं

जन्मजात बदलांसाठी २०१५ पासून पाच पायऱ्या रूढ आहेत: रोगकारक, बहुधा रोगकारक, अर्थ अनिश्चित, बहुधा निरुपद्रवी, निरुपद्रवी. मधलीला सगळे व्हीयूएस म्हणतात आणि सगळा घोटाळा तिथे होतो. एका घरात नुसत्या व्हीयूएसवर थोरल्या मुलीची अंडाशयं काढायची तारीख ठरली होती. सुदैवाने भूल देणाऱ्या डॉक्टरांनी रिपोर्ट पुन्हा वाचला. व्हीयूएसवर कात्री चालवायची नाही, त्यावरून नातेवाइकांना निदान किंवा दिलासाही द्यायचा नाही.

आपल्या लोकांत व्हीयूएस जास्त का येतात? कारण तुलनेच्या जागतिक साठ्यांत दक्षिण आशियाई माणसं कमी आहेत. आपल्याकडे सर्रास असलेला निरुपद्रवी बदलही तिथे दुर्मिळ दिसतो. जीनोमइंडिया प्रकल्पाने दहा हजारांच्या आसपास भारतीयांचे जीनोम वाचले आहेत, त्याने हे हळूहळू सुधारेल. तोवर प्रत्येक व्हीयूएसची वही ठेवा आणि वर्षातून एकदा क्लिनव्हारमध्ये (जनुकीय बदलांच्या अर्थांचा खुला साठा) पुन्हा पाहा. वर्ग बदलला तर रुग्णाला फोन कोण करणार, हेही वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

बाकी खाचखळगे भराभर सांगते. फक्त गाठीत बीआरसीए सापडला तर रक्तावर खात्री करा. रक्तातल्या फिरत्या डीएनएत डीएनएमटी३ए किंवा टीईटी२ जनुकांत बदललेलं काही दिसलं आणि माणूस म्हातारा असेल, तर ते बहुधा गाठीचं नाही, वयाने रक्तपेशींत साठलेलं असतं. "निगेटिव्ह" आल्यावर प्रयोगशाळेला विचारा की मोठे तुकडे गळाले असते तर त्यांच्या पद्धतीला दिसले असते का. नाही म्हणाले तर एमएलपीए, म्हणजे असे गळालेले तुकडे पकडणारी चाचणी, मागा.

आकडे आणि एक्सेल

समजा, एक चाचणी ९० टक्के कॅन्सर पकडते आणि निरोग्यांपैकी ९५ टक्क्यांना बरोबर सोडते. छान वाटते. आता ती दहा हजार लोकांवर चालवा, ज्यांत खरे कॅन्सर वीस आहेत. अठरा सापडतील. त्याबरोबर ४९९ निरोगी माणसं "पॉझिटिव्ह" होऊन तुमच्या ओपीडीच्या दारात उभी राहतील. गावात शिबिर लावण्याआधी हे गणित सरपंचांसमोर करून दाखवा.

नमुने लावताना रुग्ण एका प्लेटवर आणि तुलनेचे दुसऱ्या प्लेटवर असं कधीही करू नका. चिठ्ठ्या टाकून मिसळा. नाहीतर, प्लेट वेगवेगळ्या दिवशी चालल्या की, तुमचा शोध म्हणजे मंगळवार आणि गुरुवारमधला फरक ठरेल.

आणि एक्सेल! आतड्याच्या कॅन्सरसाठी रक्तातल्या मिथिलेशनची जी चाचणी अमेरिकेत २०१६ मध्ये मान्य झाली, तिच्या जनुकाचं नाव सेप्ट९. एक्सेलमध्ये ते टाइप केलं की त्याची ९ सप्टेंबर होते. इतक्या शोधनिबंधांत हा गोंधळ झाला की २०२० मध्ये जनुकांचीच नावं बदलली, आता ते सेप्टिन९ आहे. हसण्यावारी नेऊ नका. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात जनुकांच्या यादीतल्या ओळी एकाने सरकल्या होत्या, संवेदनशील आणि दाद न देणाऱ्या गाठींची लेबलं उलटी लागली होती, आणि त्या आधारावर रुग्णांना औषधं ठरत होती. बाहेरच्या दोन संख्याशास्त्रज्ञांनी ते उकरून काढलं. आपल्याकडे उकरणारं कोणी नसेल, म्हणून तुमची फाइल दुसऱ्या विभागातल्या मित्राकडून तपासून घ्या. चहा तुमच्याकडून.

रिपोर्ट घरी पोचवणं

बीआरसीए१चा दोष असलेल्या बाईला ऐंशी वर्षांपर्यंत स्तनाच्या कॅन्सरचा धोका साधारण ७२ टक्के आणि अंडाशयाचा ४४ टक्के. हा आकडा सांगितला की समोरची बाई पहिल्यांदा स्वतःबद्दल विचारत नाही. ती विचारते, "मग पोरीचं लग्न कसं व्हायचं?" या प्रश्नाला हसू नका आणि टाळूही नका. सांगायचं कोणाला हे ती ठरवेल, जावई किंवा दीर नाही. अठरा वर्षांखालच्या मुलींची तपासणी या दोषासाठी आत्ता करायची नाही, त्या मोठ्या झाल्या की स्वतः ठरवतील. मुलग्यांनाही दोष जाऊ शकतो, हे मात्र न विचारता सांगा.

खर्चाचं आधी बोला. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत उपचाराचं काय बसतं आणि तपासणीचं काय, हे आरोग्यमित्राकडून लिहून घ्या. तोंडी उत्तरावर कोणाला प्रवासाला लावू नका.

आणि नातेवाइकांना निरोप तोंडी पाठवू नका. पंढरपूरच्या बहिणीपर्यंत पोचेपर्यंत "जनुकात दोष" याचं "घराण्याला शाप" झालेलं असतं. रुग्णाच्या सहीचं एक पानी पत्र द्या. आम्ही देतो ते असं, हवं तर जसंच्या तसं उचला:

"चि. सुनीताताईस,

माझ्या आजाराच्या तपासणीत असं कळलं, की आपल्या माहेरच्या रक्तात एक बदल आहे, ज्यामुळे स्तनाचा आणि अंडाशयाचा कॅन्सर होण्याची शक्यता वाढते. हा बदल तुझ्यात असेलच असं नाही. असण्याची आणि नसण्याची शक्यता सारखीच आहे. तो असला तरी कॅन्सर होतोच असं नाही, आणि वेळेत तपासणी केली तर पुष्कळ काही करता येतं. यात कोणाचा दोष नाही, तुझा नाही, आईचा नाही. तपासणी करायची की नाही हे तू ठरव. आधी नुसतं बोलायला ये, रक्त त्या दिवशी देण्याची गरज नाही. मंगळवारी सकाळी साडेनऊला ओपीडीत ये, जेवून आलीस तरी चालेल. येताना हे पत्र आणि सोबतच्या रिपोर्टची झेरॉक्स घेऊन ये. त्यावरचा बदलाचा नंबर डॉक्टरांना लागतो."